हलमोनीचं मेंढरू

ज्योत्स्नाबाई ओहोळांना इंग्रजी येतं, याबद्दल नाशिकच्या शरणपूर रोडवरच्या त्यांच्या चर्चमध्ये कुणालाच शंका नव्हती. एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये त्या कितीतरी वर्षं इंग्रजी टायपिंग शिकवत होत्या. कॉम्प्युटर आल्यापासून विद्यार्थी रोडावले होते, निम्मी मशिनं झाकलेलीच असायची आणि बाईंना संध्याकाळ मोकळी मिळायची. त्यामुळे २००४ सालच्या उन्हाळ्यात पाळक देवदान साळव्यांनी उपासनेनंतर जाहीर केलं, की दक्षिण कोरियाहून एक टीम येणार आहे, आठवडाभर मुलांचा बायबल क्लब घेणार आहे आणि त्यांना दुभाषी लागणार आहे, तेव्हा सगळ्यांच्या माना एकाच बाकाकडे वळल्या.

बाईंनी काम फार मनावर घेतलं. टीव्हीवरच्या इंग्रजी बातम्या त्या तोंडातल्या तोंडात म्हणून बघू लागल्या. पोळ्या लाटता लाटता नवऱ्यावर सराव सुरू झाला.

"आर यू कम्फर्टेबल विथ द फूड?"

"आधी वाढ तरी. मग सांगतो," यादवराव म्हणाले. ते वीज मंडळात लाइनमन होते आणि दिवसभर खांबांवर चढून आल्यावर त्यांना कुठल्याच भाषेत फार बोलायची हौस नसायची.

जुलै जवळ आला तेव्हा बाईंच्या एक गोष्ट लक्षात आली. त्या तडक पाळकांच्या घरी गेल्या.

"पास्टरसाहेब, ही मंडळी जुलैच्या शेवटी येणार."

"हो. तिकडे तेव्हा सुट्ट्या असतात."

"तिकडे असतात. आपल्याकडे शाळा चालू असतात. पोरं आणायची कुठून?"

पाळकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. तिकिटं तर निघाली होती. शेवटी असं ठरलं, की क्लब संध्याकाळी, शाळा सुटल्यावर घ्यायचा. पण चर्चमधल्या घरांची चौकशी केली तर कुणाला ट्यूशन, कुणाला स्कॉलरशिपचा क्लास. कबूल झालेली मुलं एका सतरंजीवर मावतील एवढीच निघाली. एवढ्या लांबून माणसं येणार आणि समोर रिकाम्या सतरंज्या, हे बाईंना बघवलं नसतं. मग त्यांनी छत्री उघडली आणि चर्चच्या आवाराला लागून असलेल्या गल्लीत शिरल्या. दारोदार जाऊन त्यांनी एकच गोष्ट सांगितली: खेळ आहेत, गाणी आहेत, खाऊ आहे आणि बायबलमधल्या गोष्टी आहेत. शेवटचं वाक्य त्या गाळत नव्हत्या. एक-दोन घरांनी तिथेच नको म्हटलं. बाकीच्यांनी बघू म्हटलं.

गल्लीच्या टोकाला खुर्शीदाचं घर होतं. तिचा नवरा शौकत गाद्या भरायचा. पुढच्या खोलीत कापसाचे ढीग आणि मागच्या खोलीत संसार. खुर्शीदाची धाकटी, नाझिया, नुकतीच पहिलीत गेली होती. बाईंचं बोलणं तिने दाराच्या चौकटीला टेकून ऐकलं आणि तिथल्या तिथे उड्या मारायला लागली.

"ज्योत्स्नाताई, तुम्ही आमच्या शेजारच्या, म्हणून साफ विचारते," खुर्शीदा म्हणाली. "पोरीला काही बनवणार-बिनवणार नाही ना?"

"नाही, भाभी. पण गोष्टी सांगणार. आणि शेवटी प्रार्थना होते. ती मी लपवणार नाही."

खुर्शीदाने उड्या मारणाऱ्या पोरीला जवळ ओढलं. "गोष्टींचं काय नाही. यूसुफ, नूह हे आमच्याकडेपण सांगतात. पण दुआच्या वेळी ती हात जोडून बसणार नाही. तेव्हा तिला बाहेर पाठवा."

"पाठवीन. मी स्वतः बघेन."

"मग घेऊन जा. घरात नुसता कापूस उडवते."

टीम आली त्या दिवशी बाईंनी ठेवणीतली साडी नेसली. फाटकाशी उभं राहून त्यांनी स्वागताचं भाषण केलं, सबंध इंग्रजीत, कुठेही न अडखळता. समोर निळ्या टी-शर्टातली पाच-सहा तरुण पोरं, त्यांचे पास्टर चो आणि एक ठेंगणी म्हातारी बाई अशी सगळी मंडळी अत्यंत आदराने ऐकत होती. भाषण संपल्यावर सगळे कमरेत वाकले. मग एकमेकांकडे बघून हसले. मग पुन्हा वाकले. एक अक्षर कुणाला कळलं नव्हतं.

शेवटी एक लांब केसांची मुलगी पुढे आली. "मी युना," ती इंग्रजीत म्हणाली, "माझं इंग्रजी... थोडं थोडं."

म्हणजे दुभाष्यालाच दुभाषी लागणार होता. बाईंना आधी धक्का बसला आणि मग इतकं हसू आलं, की त्यांनी पदर तोंडाशी धरला. युनाही हसत सुटली. तिथून त्या दोघींचं जमलं.

पहिला दिवस कसाबसा पार पडला. गल्लीतली मुलं आली, अपेक्षेपेक्षा जास्त आली. कोरियन पोरांनी भलीमोठी रंगीत कापडी छत्री आणली होती, पॅराशूटसारखी. सगळ्यांनी कडा धरून ती वर उडवायची आणि खालून पळत जायचं. त्यावर मुलं खूश होती. पण गोष्टीची वेळ आली आणि बसलेली घडी मोडली. पास्टर चो कोरियनमध्ये वाक्य म्हणायचे. युना आकाशाकडे बघून त्याचं इंग्रजी शोधायची. बाई त्या इंग्रजीचा अर्थ लावून मराठीत सांगायच्या. तोवर मागच्या रांगेतली मुलं एकमेकांच्या वेण्या बांधत असायची. वाटसरूला लुटारूंनी गाठलं इथपर्यंत कशीबशी गोष्ट गेली आणि तो वाचला की नाही हे कळायच्या आत खाऊची वेळ झाली.

खाऊ त्या म्हाताऱ्या बाईंच्या ताब्यात होता. त्या खरं तर टीममध्ये कुणीच नव्हत्या. टीममधल्या पोरांना घरचं जेवण मिळावं म्हणून हट्टाने बरोबर आल्या होत्या, असं युनाने सांगितलं. सगळे त्यांना 'हलमोनी' म्हणत, म्हणजे आजी. मुलांना तो शब्द इतका आवडला, की पहिल्याच संध्याकाळी आवारभर 'हलमोनी, हलमोनी' सुरू झालं. नाझिया तर त्यांना चिकटूनच होती. हलमोनी मुलांचे गाल धुऊन देत, बुटांच्या नाड्या बांधून देत आणि सारखं काहीतरी बोलत. मुलं मराठीत उत्तरं देत. दोन्हीकडून कुणाचं काही अडत नव्हतं.

प्रार्थनेची वेळ झाली तेव्हा बाईंनी दिलेला शब्द पाळला. नाझियाला हाताला धरून फाटकाशी नेलं. तिथे हिरामणची रिक्षा उभी असायची. हिरामण पेठ तालुक्यातल्या डोंगराकडच्या गावचा. कितीतरी वर्षं तो नाशकात रिक्षा चालवत होता आणि या आठवड्यासाठी चर्चने त्याला टीमची ने-आण सांगितली होती.

"हिरामणभाऊ, पाच मिनिटं हिच्याकडे बघता का?"

"बसू द्या की ताई. लय गोड पोर हाय."

नाझिया रिक्षात चढली, सीटवरून पलीकडे गेली आणि मागच्या बाजूला, सामान ठेवायच्या जागेत, पाय पोटाशी घेऊन बसली. शाळेच्या रिक्षात तिची जागा तीच होती.

दुसऱ्या दिवशी हिरामणने दोन फेऱ्या करून टीम आणून सोडली आणि उतरता उतरता म्हणाला, "ताई, ती बोलणारी पोरगी नाय आली. सकाळी मिसळ खाल्ली म्हणं तिनं. वरून तर्री मागून घेतली. आता उठबस चालूय."

टीम गंगापूर रोडला चर्चच्याच एका कुटुंबाच्या बंगल्यावर उतरली होती. बाईंनी हिरामणच्या हातात पैसे दिले. "वाटेत इलेक्ट्रॉलची पाकिटं घ्या आणि शहाळी घ्या. तिच्या हातात देऊन या. पण जरा थांबा, पाऊस भुरभुरतोय, कमी झाला की निघा."

हिरामण चहाच्या टपरीकडे गेला. इकडे हॉलमध्ये पास्टर चो चित्रांचे मोठे कागद हातात घेऊन उभे होते. पहिल्या कागदावर मेंढ्यांचा कळप होता. ते मुलांकडे बघत होते, मुलं त्यांच्याकडे, आणि दोघेही बाईंकडे. मधला दुवाच बंगल्यावर झोपला होता.

मग हलमोनी उठल्या. त्यांनी चप्पल काढली, साऱ्या हॉलदेखत हातापायांवर रांगत पुढे आल्या आणि मान वर करून ओरडल्या, "मेएएए!"

हॉल हसण्याने भरून गेला. बाईंना चित्र बघायचीही गरज उरली नाही. शंभर मेंढरं, एक हरवतं, मेंढपाळ बाकीची सोडून त्याला शोधत जातो, ही गोष्ट त्यांनी लहानपणापासून ऐकली होती.

"चला," त्यांनी टाळी वाजवली, "सगळी मेंढरं व्हा! हलमोनी मेंढपाळ."

हलमोनींना छत्री दिली, काठी म्हणून. कोरियन पोरं हात पसरून कुंपण झाली. पास्टर चोंनी कागद बाजूला ठेवले आणि तेही मेंढरू झाले. बाई सांगत होत्या, हलमोनी करून दाखवत होत्या, आणि एकीचं बोलणं दुसरीला कळत नसूनही गोष्ट जराही थांबत नव्हती. आता एक मेंढरू हरवायला हवं होतं. हलमोनींनी कळपावरून नजर फिरवली आणि नाझियाला बोट दाखवलं. तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटून, डोळ्यांवर हात ठेवून, त्यांनी खूण केली: जा, लप.

नाझिया धूम पळाली.

मेंढपाळाने कळप मोजला, डोकं धरलं, हाय हाय केलं. मुलं हसून लोळत होती. मग हलमोनी छत्री घेऊन शोधायला निघाल्या. बाकाखाली पाहिलं, पेटीच्या मागे पाहिलं, पास्टर चोंच्या टी-शर्टाची कड उचलून पाहिलं. "नाझ्या!" त्या हाका मारत होत्या. मुलंही ओरडायला लागली, "नाझिया, मेंढरा, ये!"

नाझिया आली नाही.

आधी सगळ्यांना वाटलं, पोरगी खेळात पक्की आहे. मग बाईंनी मागची खोली उघडून बघितली. व्हरांडा बघितला, न्हाणीघर बघितलं. हलमोनींच्या हाकेतलं हसू हळूहळू गेलं. आवाराच्या कोपऱ्यात एक जुनी विहीर होती. तिच्यावर लोखंडी जाळी होती, जाळीला कुलूप होतं, हे बाईंना चांगलं माहीत होतं. तरी त्या पावसात तिकडे पळत गेल्या, कुलूप हाताने ओढून पाहिलं आणि मगच परत फिरल्या.

पाळक साळवे मोटरसायकल काढून रस्त्याकडे गेले. कोरियन पोरं एकेक करून आवाराच्या भिंतीकडेने फिरू लागली. खुर्शीदाला सांगायला कुणाला तरी पाठवावं असं बाईंच्या मनात आलं, पण त्या स्वतःच गेल्या. शब्द त्यांनी दिला होता.

खुर्शीदाचे हात कणकेत होते.

"भाभी, नाझिया घरी आलीय का?"

"नाही. का?"

बाईंनी सरळ सांगितलं. लपायला पाठवली होती आणि आता सापडत नाही. खुर्शीदा हात न धुताच बाहेर आली. दोघी गल्लीतून निघाल्या तेव्हा मागे चार लोक लागले. पानाच्या टपरीपाशी उभा असलेला एक तरुण मोठ्याने म्हणाला, "परदेशी लोकांकडे पोरं पाठवता कशाला? नेली असंल कुठंतरी!"

खुर्शीदा थांबली. "पोर माझी आहे. शोधायला येतोस तर ये, नाहीतर तोंड बंद ठेव."

आणि मग, हेही सांगायला हवं, तोही शोधायला आला.

आवारात शिरल्यावर खुर्शीदाला पहिल्यांदा दिसल्या त्या हलमोनी. छत्री कुठेतरी पडली होती, केस भिजून कपाळाला चिकटले होते, अनवाणी पाय घोट्यापर्यंत चिखलात होते. त्या एकेका झुडपात हात घालून बघत होत्या आणि बसलेल्या आवाजात तेच एक नाव घेत होत्या. खुर्शीदाला बघताच त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. ही कोण, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

तिकडे गंगापूर रोडच्या बंगल्यावर हिरामणने युनाच्या हातात शहाळी आणि पाकिटं दिली होती. बंगल्याच्या मालकीणबाईंनी त्याला चहा घ्यायला लावला. चहा घेऊन तो खाली आला, रिक्षा सुरू करायला वाकला, तर मागून आवाज आला.

"काका, शोधून झालं का?"

हिरामण दचकून मागे वळला. सीटच्या मागून, ताडपत्रीच्या घडीखालून, एक डोकं वर आलं. डोळे झोपेने जड झालेले.

"अगं पोरी, तू हितं कशी?"

"मी मेंढरू आहे," नाझिया दबक्या आवाजात म्हणाली. "सांगू नका कुणाला. हलमोनी मला शोधतेय."

"अन् मी तुला कुठंशी आणलं, म्हाईत हाय का?"

नाझियाने बाहेर बघितलं. अनोळखी फाटक, अनोळखी बंगला. तिचा ओठ हलायला लागला. हिरामणने तिला उचलून पुढे आपल्या शेजारी बसवलं, कोपऱ्यावरच्या दुकानातून बिस्किटाचा पुडा घेऊन तिच्या हातात दिला आणि रिक्षा सुसाट सोडली. नंतर तो सांगायचा, की आयुष्यात पहिल्यांदा मी त्या दिवशी सिग्नल तोडला.

रिक्षा आवारात शिरली तेव्हा हॉर्न वाजतच होता. "हाय! हाय पोरगी! माझ्यापाशी हाय!" हिरामण लांबूनच ओरडला.

खुर्शीदाने पोरीला ओढून खाली घेतलं, पाठीत एक धपाटा घातला आणि मग इतकं घट्ट धरलं, की बिस्किटांचा चुरा झाला. नाझियाच्या फ्रॉकवर कणकेचे हात उमटले. हलमोनी चिखलातच खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागल्या. त्यांना बघून कोरियन पोरं रडली, पास्टर चो रडले. हिरामण मान खाली घालून पुन्हा पुन्हा म्हणत होता, "माझी चूक झाली, मागं बघायला पायजे होतं." बाई म्हणत होत्या, "चूक माझी आहे." फक्त नाझिया शांत होती.

"मी जिंकले ना?" तिने विचारलं.

त्या संध्याकाळी प्रार्थना झाली नाही, म्हणजे मुलांबरोबर झाली नाही. सगळ्यांना घरोघरी पोचवल्यावर बाई दाराकडे वळल्या, तर हलमोनी त्यांच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी चिखलाचे हातपाय धुतले होते, केस विंचरले होते. गल्लीकडे बोट दाखवून त्या चालायलाच लागल्या.

शौकत नुकताच गाद्या पोचवून घरी आला होता. सगळी हकीगत त्याला कळली होती आणि त्याचा चेहरा काही मोकळा नव्हता. बाई बोलायला तोंड उघडणार, तोवर हलमोनी उंबऱ्यात गुडघ्यांवर बसल्या आणि कपाळ जमिनीला लागेपर्यंत वाकल्या. शौकत गडबडून उभा राहिला.

"अरे अरे, हे काय! अम्मी, उठा. ताई, त्यांना सांगा ना उठायला."

"मला त्यांची भाषा येत नाही, शौकतभाई," बाई म्हणाल्या. "पण बोलून झाल्याशिवाय त्या उठतील असं वाटत नाही."

हलमोनी कोरियनमध्ये बोलल्या. बराच वेळ, हळू, मधेच थांबून. खुर्शीदाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ती त्यांच्यासमोर खाली बसली.

"अम्मी, मला तुमचं बोलणं कळलं नाही," ती म्हणाली, "पण तुम्ही माझ्या पोरीसाठी चिखलात कशा पळत होता ते मी बघितलंय. माझी सासूसुद्धा अशी पळाली नसती. आता उठा, चहा ठेवते."

आतल्या खोलीत चहा उकळत असताना हलमोनींची नजर पुढच्या खोलीतल्या कापसाच्या ढिगाकडे गेली. भिंतीला शौकतची पिंजायची धनुकली टांगलेली होती. त्या उठल्या, धनुकलीच्या तारेला बोट लावलं आणि तो आवाज ऐकून त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी स्वतःकडे बोट केलं, मग हाताने दाखवलं की मी एवढी होते तेव्हा, आणि मग हवेत धनुष्य धरून कापूस पिंजायची अशी हुबेहूब नक्कल केली, की शौकत हसायलाच लागला.

"त्यांच्याकडेपण आहे हे?" त्याने बाईंना विचारलं.

"असणार. नाहीतर एवढं कसं जमेल?"

शौकतने धनुकली खाली उतरवली. मग बराच वेळ तो पिंजून दाखवत होता आणि हलमोनी मान हलवून दाद देत होत्या. कापूस दोघांच्या केसांवर बसला. नाझिया त्यात उड्या मारत होती आणि त्या दिवशी तिला कुणी रागावलं नाही.

निघताना बाईंनी विचारलं, "भाभी, उद्याचं काय?"

"उद्या मी येऊन बसेन," खुर्शीदा म्हणाली. "पोर माझ्या नजरेसमोर राहील. तुमच्यावर भरोसा आहे, ताई. तिच्यावर नाही."

ती खरंच आली. तिच्यामुळे आणखी दोघी-तिघी आया आल्या आणि मागच्या भिंतीशी त्यांची वेगळी सतरंजी घातली गेली. फाटक उघडंच ठेवलं जाई. टपरीवरचा तो तरुणही एकदा डोकावला, पॅराशूटची एक कड धरायला माणूस कमी होता म्हणून त्याला आत बोलावलं, आणि मग तो शेवटच्या दिवसापर्यंत येत राहिला. प्रार्थनेची वेळ झाली की खुर्शीदा स्वतः नाझियाला घेऊन व्हरांड्यात जाई. हलमोनी आतून डोळे मिटण्याआधी एकदा त्यांच्याकडे बघून हात हलवत.

युना बरी होऊन परतली, जरा वाळलेली, पण हसरी. आता गोष्टी तशा सांगायच्या नाहीत, खेळायच्या, हे तिला येताच कळलं. मग ती कधी मासा झाली, कधी वादळ. बाईंना तिच्याशी फार इंग्रजी बोलावं लागत नव्हतं आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नव्हतं. त्यांचा स्वतःचा आवाज मोकळा झाला होता. इतकी वर्षं संडे स्कूलमध्ये त्या मुलांपुढे खुर्चीत बसून शिकवत. आता त्या सतरंजीवर होत्या, पदर खोचून, गुडघे दुखत असताना.

शेवटच्या दिवशी आईबापांना बोलावलं होतं. हॉल भरला. शौकत आला, यादवराव ड्युटीवरून थेट खाकी कपड्यांत आले, हिरामणला पुढच्या रांगेत बसवलं. गाणी झाली, नाटुकली झाली. मग पास्टर चोंनी मुलांना एक प्रश्न विचारला. युनाने त्याचं इंग्रजी केलं, बाईंनी मराठी.

"या आठवड्यात तुम्ही काय शिकलात, ते पास्टर विचारतायत."

चर्चमधल्या हुशार मुलांनी हात वर केले. पण नाझिया हात वर न करताच उठली.

"रिक्षात झोपायचं नाही," ती म्हणाली.

मराठी माणसं आधी हसली. बाईंनी हसत हसत ते इंग्रजीत सांगितलं, तेव्हा युनाला हसू फुटलं. तिने कोरियनमध्ये सांगितलं, तेव्हा पास्टर चो, ती सगळी पोरं आणि हलमोनी हसल्या. त्यांना हसताना बघून मराठी माणसांना पुन्हा हसू आलं. खुर्शीदाने तोंडावर ओढणी धरली होती. हिरामणच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टीम जीपने मुंबईकडे निघाली. शौकतने हलमोनींसाठी एक छोटी उशी भरून आणली होती, विमानात मानेखाली घ्यायला. हलमोनींनी ती गालाशी धरली. खुर्शीदा त्यांच्या गळ्यात पडली. बाई आणि युना एकमेकींना काहीतरी इंग्रजीत सांगणार होत्या, पण ते तसंच राहिलं आणि त्या एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या. जीप सुटली तशी मुलं मागे धावली, कॅनडा कॉर्नरच्या चौकापर्यंत.

परतताना बाई आणि खुर्शीदा बरोबर चालत होत्या.

"पुढच्या शनिवारी काय आहे?" खुर्शीदाने विचारलं.

"काही नाही. ते तर गेले."

"ते गेले. पण पोरं तर इथंच आहेत."

बाईंनी घरी गेल्यावर यादवरावांना विचारलं, पाळकांना विचारलं. पाळक म्हणाले, हॉल रिकामाच असतो. शनिवारी बाईंनी दुपारीच सतरंज्या झाडून घातल्या. ना पॅराशूट होतं, ना निळे टी-शर्ट. कुणी येईल की नाही, याची त्यांना खात्री नव्हती. एका पातेल्यात त्यांनी शेंगदाण्याचे लाडू आणले होते, जरा जास्तच. पाचच्या सुमारास फाटक वाजलं, मग पुन्हा वाजलं. मुलं आली, चिखलाचे पाय व्हरांड्यात पुसून आत बसली, बाईंच्या मांडीला मांडी लावून. बाईंनी सगळ्यांकडे एकदा नीट बघून घेतलं आणि गोष्ट सुरू केली.